पंपाच्या खोलीला कडी कोण लावणार?

मे २०२१ मधले तौक्ते वादळ आठवते ना? मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर माड आडवे झाले, विजेचे खांब वाकले, तारा रस्त्यावर येऊन पडल्या. कित्येक वाड्यांत दिवसचे दिवस लाईट नव्हती. नळाला पाणी नाही, मासळीला बर्फ नाही, मोबाईल बंद. त्या दिवसांत ज्यांच्या परसात विहीर होती, दोर-कळशी जागेवर होती आणि पाणी ओढायची सवय असलेले हात घरात होते, त्यांची चूल वेळेवर पेटली.

वादळ येणार हे रेडिओने सांगितले होते आणि आले तेव्हा सगळ्यांना दिसले. आज ज्या संकटाविषयी लिहायचे आहे, ते असे वाजत-गाजत येत नाही. त्याला ढग नाहीत की वारा नाही. ते तारेतून येते, मोबाईलच्या लहरींतून येते आणि पंपाच्या खोलीतल्या एका लहानशा पेटीत शिरून बसते. तुम्ही म्हणाल, ही शहरातली भानगड, आमच्या माडाच्या बागेत तिचे काय काम? थोडा धीर धरा. जेवणे आटोपल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून हा लेख वाचा, कारण यातली चार कामे तुमच्या-आमच्याच हातची आहेत.

कळ दाबणारा हात कुठे गेला?

पूर्वी गावच्या नळयोजनेचा पंप एक माणूस चालवायचा. पहाटे बॅटरी घेऊन पंपघरावर जायचा, स्टार्टर चालू करायचा, टाकीवर चढून पाणी किती भरले ते बघायचा आणि वाडीवाडीचा व्हॉल्व्ह फिरवायचा. टाकीचा आवाज ऐकून तो सांगायचा, अजून अर्धा तास लागेल.

हल्ली अनेक ठिकाणी हे काम एका पेटीकडे आले आहे. इंजिनिअर लोक तिला पीएलसी म्हणतात. टाकीत पाण्याची पातळी सांगणारे एक उपकरण असते. पाणी खाली गेले की ते पेटीला कळवते, पेटी मोटर चालू करते आणि टाकी भरली की बंद करते. अमुक झाले तर तमुक कर, असे हुकूम त्या पेटीत आधीच भरून ठेवलेले असतात. अशा अनेक पेट्यांची खबर एकाच पडद्यावर आणून दूर बसून त्यांना हुकूम देण्याची जी व्यवस्था असते, तिला स्काडा म्हणतात. विजेची उपकेंद्रे, धरणांचे दरवाजे, दुधाच्या डेअऱ्या, औषधांचे कारखाने, शहरांचे पाणीपुरवठे, सगळीकडे आता हीच रीत आहे.

आणि तुमच्या विहिरीवरचा तो मोबाईल स्टार्टर? घरात बसून फोन लावला की बागेतला पंप सुरू होतो, रात्री-अपरात्री काळोखातून, पायाखाली जनावर येईल या भीतीने जावे लागत नाही. सोय मोठी आहे. पण तोही याच घराण्यातला, धाकटा भाऊ समजा. जी कळ तुम्हाला दुरून दाबता येते, ती दुसऱ्यालाही दुरून दाबता येईल का, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

दूरची कळ, दूरचा चोर

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड प्रांतात मारुची नावाचा भाग आहे. तिथे २००० साली सांडपाण्याचे पंप अचानक वेड्यासारखे वागू लागले. हवे तेव्हा चालेनात, नको तेव्हा बंद पडू लागले. लोकांना वाटले यंत्रणा नवी आहे, काहीतरी बिघाड असेल. शेवटी सापडला तो एक माणूस. ज्या कंपनीने ती यंत्रणा बसवली, तिथे तो पूर्वी कामाला होता. पुढे नगरपालिकेत नोकरी मागितली, ती मिळाली नाही. त्याचा राग धरून तो गाडीत संगणक आणि वायरलेस घेऊन फिरत होता आणि पंपांना उलटे हुकूम देत होता. सुमारे आठ लाख लिटर घाण पाणी बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात सुटले. २००१ साली त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. यात जादू काहीच नव्हती. घरचा माणूस बाहेर गेला आणि त्याच्या हातातली किल्ली कोणी काढून घेतली नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट युक्रेन देशातली. २३ डिसेंबर २०१५, ऐन थंडीची संध्याकाळ. तिथल्या वीज कंपनीच्या नियंत्रण खोलीतल्या माणसाला दिसले की, पडद्यावरचा बाण आपोआप हलतो आहे आणि एकामागून एक उपकेंद्र बंद करतो आहे. त्याच्या हातात काही राहिले नव्हते. तीन कंपन्यांवर एकाच वेळी घाला पडला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. चोर आत कसा शिरला? काही महिने आधी कार्यालयात एक साधी दिसणारी ई-मेल आली होती. तिला जोडलेला कागद कोणीतरी उघडला आणि दार उघडले.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. काही तासांतच वीज परत आली. कशी? वीज कंपनीची माणसे गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर चढवले. पडदा परक्याच्या ताब्यात गेला होता, पण हाताने काम करायचे कसब त्यांच्यापाशी शिल्लक होते. वाचकहो, हे वाक्य मनात ठेवा. पुढे आपल्याला लागणार आहे.

तिसरा प्रकार इराणमधला, २०१० साली उघडकीस आलेला. नतांझ इथल्या अणुकेंद्रातली यंत्रे बाहेरच्या जगाशी जोडलेली नव्हती. तरीही स्टक्सनेट नावाची कीड तिथे पोहोचली. ती पेन ड्राइव्हमधून पसरणारी होती. तिने यंत्रांचा वेग बिघडवला आणि पडद्यावर मात्र सगळे ठाकठीक असल्याचे आकडे दाखवत राहिली. चोराने तिजोरी फोडावी आणि जमाखर्चाच्या वहीत शिल्लक जशीच्या तशी लिहून ठेवावी, तसा हा प्रकार. सुमारे हजार यंत्रे बाद झाली असावीत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

आपल्या महाराष्ट्रात

हे सगळे परदेशातले झाले, म्हणून निश्चिंत राहू नका. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस, रुग्णालये भरलेली. आपल्या मालवणी घरांतली निम्मी माणसे मुंबईत. गावाकडे किती जणांनी त्या दिवशी काळजीने फोन फिरवले असतील!

त्यानंतर मार्च २०२१ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितले की, यामागे संगणकीय घातपात असण्याची शक्यता आहे. केंद्राच्या वीजमंत्र्यांचे म्हणणे वेगळे होते. हा मानवी चुकीचा परिणाम होता, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही, असे त्यांनी सांगितले. देशातल्या वीज नियंत्रण केंद्रांबाबत धोक्याच्या सूचना मिळाल्या होत्या, मात्र उपाय केल्यामुळे कामावर परिणाम झाला नाही, असेही वीज मंत्रालयाने जाहीर केले. म्हणजे त्या दिवशीच्या काळोखाचे कारण काय यावर दोन मते आहेत. चोर दाराशी घुटमळत होता, यावर मात्र वाद नाही.

जून २०१७ मध्ये तर न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल संगणकीय किडीमुळे अडकले. कीड पसरली युक्रेनमधून, एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या वाटेने. तिने मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीला गाठले आणि तिच्या जगभरच्या टर्मिनलांबरोबर आपल्याकडचेही टर्मिनल थांबले. माणसांनी हाताने काम पुढे रेटायचा प्रयत्न केला. याच बंदरातून आपल्या राज्याची द्राक्षे, कांदा आणि आपली मासळी बोटीवर चढते. युक्रेनमधल्या कुठल्या कार्यालयात शिरलेली कीड आपल्या मालाची वाट अडवू शकते, ती अशी.

तामिळनाडूत कुडनकुलम अणुवीज केंद्रातही २०१९ साली एका संगणकात अशीच कीड सापडली. ती कार्यालयीन कामाच्या संगणकात होती आणि वीज केंद्र चालवणारी यंत्रणा वेगळी ठेवलेली असल्यामुळे तिला धक्का लागला नाही, असे अणुऊर्जा महामंडळाने जाहीर केले. घरात दोन दारे असली आणि मधले दार बंद असले की किती फरक पडतो, ते यावरून दिसते.

पोहणे पुस्तकातून येत नाही

आता मुद्द्यावर येऊ. ही यंत्रे सांभाळायची कोणी आणि ते शिकायचे कुठे?

कार्यालयातला संगणक बिघडला तर तो बंद करून दुरुस्त करता येतो. पंप, वीज, बॉयलर यांचे तसे नसते. बर्फ कारखान्यात अमोनिया वायू फिरत असताना नियंत्रण अचानक बंद केले तर माणसांच्या जिवावर बेतू शकते. शिवाय ही यंत्रे एकदा बसवली की पंधरा-वीस वर्षे चालतात, त्यांचे संगणकही तेवढेच जुने. नवे सॉफ्टवेअर घाईने भरावे तर चालू काम बंद पडण्याची भीती. म्हणून नुसता संगणक जाणणारा इथे अपुरा पडतो आणि नुसता मोटर जाणणाराही अपुरा पडतो. दोन्ही जाणणारा माणूस लागतो आणि तो नुसत्या वर्गात बसून तयार होत नाही. किनाऱ्यावरचे पोर पोहायला शिकते ते पाण्यात उतरून. तसेच हे आहे.

अमेरिकेत आयडाहो येथे एक राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे २००७ साली एक प्रयोग झाला. २.२५ मेगावॉटचे डिझेल जनरेटर घेतले आणि संगणकातून त्याचा ब्रेकर चुकीच्या क्षणी उघडझाप केला. ते अवजड यंत्र थडथड उडाले, धूर ओकू लागले आणि कायमचे निकामी झाले. हातोडा लागला नाही की सुरुंग लागला नाही. त्याच आयडाहोत पुढे कारखान्यांच्या माणसांसाठी प्रशिक्षण सुरू झाले. त्यात एक लाल तुकडी आणि एक निळी तुकडी करतात. लाल तुकडीने नमुन्याच्या कारखान्यावर चाल करायची, निळीने तो चालू ठेवून राखायचा. आपल्या हुतुतूसारखेच, फक्त मैदान तारांचे.

सिंगापूरच्या तंत्रज्ञान विद्यापीठात २०१५ पासून पाणी शुद्ध करण्याचे एक छोटे केंद्र शिकण्यासाठी आणि संशोधनासाठी उभे आहे. त्यात खरे पंप, खऱ्या टाक्या आहेत आणि मिनिटाला सुमारे १९ लिटर पाणी सहा टप्प्यांतून जाते. चूक झाली तर नुकसान होते ते नमुन्याच्या टाकीचे, गावाचे नाही. आपल्या देशात कानपूरच्या आयआयटीत सी३आय हब नावाचे केंद्र याच विषयाला वाहिलेले आहे. मुंबईला माटुंग्याच्या व्हीजेटीआय संस्थेतही या विषयावर काम चालते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत यंत्रणा चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर दिला आहे.

अशा वर्गात काय शिकवतात?

पहिला धडा अगदी घरगुती. आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी करा. किती पेट्या, किती मोटरी, कोणती तार कुठून येते, कोणाकोणाकडे पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द आहे. गोठ्यात गुरे किती हे ज्याला ठाऊक नाही, त्याला एक हरवले ते कधी कळणार?

दुसरा धडा पडद्यावर आंधळा विश्वास न ठेवण्याचा. शिकवणारा गुपचूप खोटा आकडा भरतो. पडद्यावर टाकी निम्मी दिसते आणि तिकडे टाकी भरून वाहत असते. शिकणाऱ्याने उठून टाकीकडे जायचे आणि डोळ्यांनी बघायचे. जो खुर्चीतच बसून राहतो, तो या धड्यात नापास.

तिसरा धडा वेगळे करण्याचा. संशय आला की बाहेरून येणारी वाट तोडायची, पण यंत्र चालू ठेवायचे. कोणती तार काढली तर पंप चालू राहतो आणि कोणती काढली तर बंद पडतो, हे आधीच माहीत असले पाहिजे. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

चौथा धडा हाताने चालवण्याचा. पेटी बाजूला ठेवा, स्टार्टरवरचा खटका हाताच्या बाजूला फिरवा आणि तासभर काम चालवून दाखवा. युक्रेनच्या माणसांना तारले ते यानेच.

पाचवा धडा नोंदीचा आणि परतीचा. पेटीत भरलेल्या हुकुमांची एक चांगली नक्कल कुलपात ठेवायची. बियाणे जसे कणगीत वेगळे राखून ठेवतो तसे. पीक बुडाले तरी पुन्हा पेरता आले पाहिजे.

गावाने काय करायचे?

यासाठी कानपूरला जायला नको. पुढच्या ग्रामसभेत ही कामे मांडा.

१. नळयोजनेच्या नियंत्रण पेटीचा परवलीचा शब्द कोणाकडे आहे ते विचारा. पुष्कळ यंत्रांत कारखान्याने दिलेला १२३४ किंवा ०००० असाच आकडा वर्षानुवर्षे तसाच असतो. तो बदलून घ्या. ठेकेदार बदलला, कर्मचारी काम सोडून गेला, की त्याच दिवशी पुन्हा बदला. ऑस्ट्रेलियातला धडा हाच होता.

२. दुरुस्तीवाला स्वतःचा पेन ड्राइव्ह किंवा लॅपटॉप लावणार असेल तर कोण, कधी, कशासाठी हे वहीत लिहून घ्या आणि सही घ्या. त्यात अपमान काही नाही. बँकेतही आपण सही करतोच.

३. कंपनी दुरून यंत्र बघणार असेल तर ती वाट कायम उघडी ठेवू नका. कामापुरती उघडा, काम झाले की बंद करा.

४. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि शिमग्याच्या सुमारास, अर्धा दिवस हाताने पंप चालवण्याचा सराव ठेवा. टाकीतले पाणी काठीने मोजून पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. विजेच्या पेटीला मात्र नेमलेल्या कर्मचाऱ्याने किंवा वायरमननेच हात लावावा. बाकीच्यांनी बघावे आणि शिकावे.

५. जो माणूस गेली वीस वर्षे व्हॉल्व्ह फिरवतो आहे, त्याला यंत्र आले म्हणून घरी बसवू नका. कुठला व्हॉल्व्ह जाम आहे, कुठल्या वाडीला पाणी उशिरा पोहोचते, हे त्याच्या डोक्यात आहे. त्याच्या शेजारी एक तरुण मुलगा किंवा मुलगी उभी करा आणि ते ज्ञान कागदावर उतरवून घ्या.

६. काही विपरीत दिसले तर लाजून लपवू नका. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे सरकारी संस्थांनी आणि कंपन्यांनी असा प्रकार कळल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो. ग्रामपंचायतीत सांगा, पंचायत समितीला कळवा.

घरच्या माणसांसाठी

घरातही थोडी कडी लावा. मोबाईल स्टार्टरमध्ये कोणकोणत्या नंबरांवरून पंप चालू होईल ते ठरवता येत असेल, तर घरचे दोन-तीन नंबरच ठेवा. बागेत कामाला होता त्याचा जुना नंबर काढून टाका. पेटीच्या दाराला कुलूप लावा.

‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असे संदेश २०२२ च्या सुमारास राज्यभर फिरले. अनेकांनी घाबरून फोन केले आणि समोरच्याने सांगितलेले ॲप मोबाईलवर घेतले. खात्यातले पैसे गेले. वहिनी, काकी, आजी, तुम्ही घरी एकट्या असताना असा संदेश आला तर शांतपणे मोबाईल खाली ठेवा. बिल भरले की नाही ते जवळच्या महावितरण कार्यालयात विचारा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

आणि मुलांविषयी एक शब्द. आयटीआय, तंत्रनिकेतन यांतून बाहेर पडणारी आपली मुले-मुली मुंबई-पुण्याची किंवा गोव्याची वाट धरतात. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. मोटर गुंडाळता येते, पॅनेलचे वायरिंग कळते आणि संगणकाचीही भीती नाही, असा मुलगा किंवा मुलगी या नव्या विद्येला अगदी लायक. शिक्षकांना विचारा, पीएलसी शिकवता ना, मग ती राखायची कशी तेही हातात यंत्र देऊन शिकवा. एक जुनी मोटर, एक पाण्याचे पिंप आणि एक पेटी एवढ्यावर पहिला धडा होतो.

मालवणच्या जेटीवर उभे राहून सिंधुदुर्गाकडे बघा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले. त्याचा महादरवाजा लांबून ओळखू येत नाही, तटाच्या वळणात दडलेला आहे. जवळ गेल्यावरच तो सापडतो. आणि आत, चहूकडे खारे पाणी असताना, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दार शत्रूला सहज सापडू द्यायचे नाही आणि दार बंद ठेवावे लागले तरी आत पाणी आपल्या हाताने ओढता आले पाहिजे. साडेतीनशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांनी दोन्ही गोष्टींचा विचार केला होता.

उद्या सकाळी गावच्या पंपघरावरून जाल तेव्हा क्षणभर थांबा. दाराला कुलूप आहे का बघा. आणि आत जो माणूस असेल त्याला विचारा, ‘भाऊ, पेटी बंद पडली तर हाताने चालवता येईल ना?’ तो ‘हो’ म्हणाला तर त्याला घरी चहाला बोलवा. ‘नाही’ म्हणाला तर ग्रामसभेची वाट पाहू नका.